साधनाबाईंच्या पेनाची क्लिप

पेन हरवल्याचं पुंजाराम आहेरला कळलं ते नवरात्रातल्या अष्टमीच्या सकाळी दहा वाजता, सातपूरच्या एका हार्डवेअरच्या दुकानात. दुकानदाराने पोस्टकार्डाएवढ्या जाडीचा पितळी पत्रा काउंटरवर टाकला आणि विचारलं, "हाच ना काका?" पेनाच्या टोपणाशी पत्रा ताडून बघावा म्हणून पुंजारामने शर्टाच्या खिशात हात घातला. खिशात चष्म्याचं घर होतं, स्कूटरची किल्ली होती. पेन नव्हतं.

त्याने पँटचे दोन्ही खिसे पाहिले. हातातल्या पिशवीतला पावशेर झेंडू खालवर केला. मग पुन्हा शर्टाच्या त्याच खिशात हात घातला.

"काय हरवलं?"

"पेन."

"एवढंच ना? हे घ्या." दुकानदाराने काउंटरवरचं बॉलपेन पुढे सरकवलं. "राहू द्या तुम्हाला."

"तसलं नाही रे बाबा. माझ्या बायकोचं पेन आहे ते. शाईचं. चाळीस वर्षं वापरलेलं."

दुकानदार काउंटरच्या बाहेर आला आणि वाकून जमिनीवर शोधायला लागला. पण जमिनीवर खिळे होते आणि चहाचा एक कागदी कप होता.

साधनाला जाऊन आठ महिने झाले होते. ती शिक्षिका होती. वणीच्या शाळेत लागली तेव्हा तिच्या वडिलांनी स्वतःच्या खिशातलं पेन काढून तिला दिलं होतं. त्यांनी ते तरुणपणी घेतलेलं, म्हणजे पेन खुद्द पुंजारामपेक्षा जुनं. मरून रंगाचं, जाडजूड, सोनेरी क्लिपचं. साधना ते पर्समध्ये ठेवायची नाही. पदराच्या निऱ्या खांद्यावर जिथे पिनेत धरलेल्या असतात तिथे अडकवायची. पोरांच्या हजेऱ्या, दाखले, बदलीचे अर्ज, सगळं त्याच पेनाने. नंतर बदली होऊन ती नाशिकजवळच्या शाळेत आली, त्या सुमारास क्लिप ढिली झाली. उभी धरली की सरळ, सोडली की घड्याळाच्या काट्यासारखी फिरायची. वर्गात पेन पडायचं आणि पोरं धावत आणून द्यायची, "बाई, तुमचं पेन."

पुंजाराम अंबडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होता, चौतीस वर्षं. केसाएवढी फट असली तरी त्याच्या बोटाला कळायची. पण घरातली ही क्लिप बारा वर्षं तशीच राहिली, आणि त्याला कारण होतं खंडेनवमी.

नवमीला घरात हत्यारांची पूजा असायची. आदल्या दिवशी पुंजाराम कानशी, हातोडी, हॅकसॉ, मायक्रोमीटर सगळं तेलाने पुसायचा आणि सकाळी पाटावर मांडायचा. साधना तिचं पेन त्याशेजारी ठेवायची. "हे माझं हत्यार," म्हणायची. आणि ठेवताना दरवर्षी क्लिप गर्रकन फिरायची. "अहो, एवढं घट्ट करून द्या ना. सगळी हत्यारं बाहेर आहेतच." पण पुंजारामच्या उस्तादाचा नियम होता. नवमीला हत्यार एकदा पाटावर बसलं की दसऱ्याचं सोनं वाटून होईपर्यंत त्याने काम करायचं नाही. "आज हात लावायचा नाही," तो म्हणायचा. "परवा करतो." आणि परवा हत्यारं पेटीत जायची, कारखाना सुरू व्हायचा, आणि साधनाला पुन्हा आठवण व्हायची ती थेट पुढच्या नवमीला.

यंदा लेक शुभांगी म्हणाली होती, "पप्पा, अजून वर्ष झालं नाही. सण नको."

"तोरण नको, गोड नको, मान्य," पुंजाराम म्हणाला होता. "पण हत्यारांना कसलं सुतक?"

त्याने मनाशी पक्कं केलं होतं की नवमीच्या सकाळी पेन पाटावर बसेल ते क्लिप घट्ट होऊनच बसेल. म्हणजे काम आज अष्टमीलाच व्हायला हवं. परवा नाही, पुढल्या वर्षी नाही. म्हणून तो सकाळी आंघोळ करून, पेन खिशाला लावून, पत्रा आणायला निघाला होता. ढिली क्लिप दुरुस्त करायला निघालेला फिटर पेन त्याच ढिल्या क्लिपने खिशाला अडकवून निघाला! त्याने दुकानातच कपाळावर हात मारून घेतला.

मग तो थांबला. टूलरूममध्ये एखादा बारीक पार्ट हरवला की सगळे सैरावैरा शोधायचे, आणि उस्ताद ओरडायचा, "पळू नका! तुम्ही वाकलात कुठे ते आठवा." वस्तू खिशातून पडते ती माणूस वाकल्यावरच. आज सकाळपासून आपण कुठे वाकलो? गाडी काढताना नाही. पेट्रोल भरताना नाही. एकदाच वाकलो. अशोकनगरला, झेंडू निवडताना!

"पत्रा बाजूला ठेवा," तो ओरडला आणि स्कूटरला किक मारली.

दसऱ्याच्या आधी अशोकनगरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी शेतकरी ताडपत्र्या टाकून बसतात. सिंधुबाई मखमलाबादहून येते. एरवी ती भाजी विकते आणि तिची मेथी साधनाने कित्येक वर्षं घेतलेली. पुंजाराम पोचला तेव्हा ती ताडपत्री झटकत होती. मघाशी गुडघाभर असलेला ढीग गायब होता.

"सिंधुबाई, ढीग कुठे गेला?"

"गेला की. तुमाला मघाशी पावशेर पण लय वाटत व्हता, आता काय क्रेट पायजे का?"

"माझं पेन पडलंय त्यात."

"पेन? आन् मला वाटलं मोबाईल पडला. तोंड केवढं उतरलंय!"

"साधनाचं पेन, सिंधुबाई."

ताडपत्री तिच्या हातात तशीच राहिली. "सोनेरी दांडीचं? खांद्याला लावायच्या तेच ना? एकदा माझ्या मेथीच्या जुडीत पडलं व्हतं. मीच हाक मारून दिलं. म्या म्हनलं, बाई, तुमचे मिस्टर एवढे मोठे मिस्तरी, एवढं काम नाय करीत?"

"मग? काय म्हणाली?"

"म्हनल्या, करनारेत परवा."

पुंजारामला हसावं की काय करावं कळेना. सिंधुबाई कमरेला खोचलेला फोन काढून नंबर लावायला लागली. "माझी सून निकिता. तिनं ह्यो सारा माल दोन क्रेटांत भरून नेलाय आयटीआयच्या सिग्नलला. तिथं गिऱ्हाईक जादा." फोन वाजत राहिला. "नाय उचलत. माळा ओवताना आग लागली तरी नाय उचलायची. जा तुमी. आन् गाडी हळू हाना! पेनाला काय पाय नाय फुटले!"

हळू कसली हाणतोय? त्र्यंबक रोडवर त्या दिवशी दर दुसऱ्या गाडीला झेंडूची पिशवी लटकलेली. प्रत्येक पिशवीकडे पुंजाराम मान वळवून बघत होता. ह्या पिशवीत असलं तर? त्या टेम्पोत असलं तर? एखाद्याने घरी जाऊन देठांबरोबर कचऱ्यात टाकलं तर? एका लाल सिग्नलला त्याने पुढच्या मोटारसायकलवरच्या बाईच्या मांडीवरच्या पिशवीत असं डोकावून पाहिलं की तिने पिशवी दुसऱ्या बाजूला घेतली.

सिग्नलपाशी दोन क्रेट दिसले. त्यातला एक रिकामा. पुंजाराम आधी त्यातच डोकावला. दुसरा क्रेट अर्धा भरलेला होता आणि शेजारी एका पालथ्या क्रेटवर बसून एक तरणी बाई माळ ओवत होती. तोंडात सुई धरलेली.

"निकिता तूच का? सिंधुबाईंनी पाठवलं. त्या फुलांत पेन होतं का गं? मरून रंगाचं, जाड, वर सोनेरी..."

तिच्या तोंडात सुई असल्यामुळे तिला बोलता येईना. हात दोऱ्यात. तिने नुसती मान खाली घातली आणि डोकं त्याच्यापुढे केलं. अंबाड्यात पेन आडवं खोचलेलं होतं. क्लिप फिरून कानावर लोंबत होती.

"सापडलं!" पुंजाराम एवढ्या जोरात ओरडला की सिग्नलवरचा पोलीस वळला.

निकिताने सुई काढली. "तुमचं व्हय बाबा? मला वाटलं कुन्या साहेबाचं असंल. पन चालत नाय ते. भाव लिहायला घेतलं, तर नुसते ओरखडे."

"कशावर लिहिलंस?"

"ह्या पुठ्ठ्यावर."

पुठ्ठ्यावर निब! पुंजारामने चष्मा चढवला, टोपण उघडलं आणि निब डोळ्याजवळ धरून पाहिली. दोन्ही टोकं जुळलेली होती. निबेवर निळी शाई वाळून बसली होती, म्हणून उठली नाही एवढंच. "जोर तर नाही ना दिलास?"

"जोर कशाला दिऊ? दोनदा वढलं, नाय उठलं, खोचलं डोक्यात. मोबाईल हरवला असता तरी एवढं नसतं कुनी इचारलं." ती हसली. "खिशापरीस अंबाडा बरा बाबा. क्लिपच लागत नाय."

"आज लावतो तिला क्लिप," पुंजाराम म्हणाला. निकिता काही घेईना, म्हणून त्याने तिच्याकडून आणखी एक किलो झेंडू घेतला. यंदा एवढा झेंडू घरात नको होता, पण आता त्याचं भान कुणाला! ह्या खेपेला पेन चष्म्याच्या घरात ठेवलं, घर पिशवीत ठेवलं, पिशवीचा बंद मनगटाला दोन वेढे दिला.

"सापडलं का?" पत्रा देताना दुकानदाराने विचारलं.

"सापडलं! अंबाड्यात!" दुकानदाराला त्यातून काय समजलं देव जाणे.

घरी येऊन पुंजारामने आधी शुभांगीला फोन लावला. ती इंदिरानगरला राहायची.

"शुभे, केस वाळवायचं मशीन घेऊन ये."

"कशाला? पप्पा, तुमच्या डोक्यावर केस किती आहेत?"

"डोक्याला नाही, पेनाला. लवकर ये. संध्याकाळच्या आत करायचंय."

ती तीन वाजता आली. तोवर खिडकीपाशी टेबल, टेबलावर पांढरा टॉवेल, टॉवेलवर बारीक कानशी, नखकात्री, सायकलच्या ट्यूबचे दोन तुकडे असं सगळं तयार होतं.

"हे बघ," तो म्हणाला. "टोपणाच्या डोक्यावर ही गुंडी आहे ना, ती आट्यांवर बसलेली असते. क्लिपच्या वरच्या टोकाला कडी असते. गुंडी कडीतून आत जाते आणि कडी दाबून धरते. कडी झिजली, फट पडली, म्हणून क्लिप फिरते. गुंडी उघडायची, फटीत वॉशर घालायचा, गुंडी बंद करायची. दहा मिनिटांचं काम."

"दहा मिनिटांचं? आणि बारा वर्षं?"

"तू मशीन लाव."

पण गुंडी उघडणं सोपं नव्हतं. टोपण प्लास्टिकचं नव्हतं. मोटारींच्या जुन्या बॅटऱ्यांचे डबे ज्याचे असायचे त्या कडक रबराचं होतं. सत्तर वर्षांत ते काचेसारखं झालेलं. लोखंडाला जोर दिला तर लोखंड आधी कुरकुरतं, सांगतं. हे काही सांगणार नाही, एकदम तडकेल. त्यामुळे पक्कड नाही, नुसते हात. शुभांगीने दुरून गरम हवा द्यायची, पुंजारामने गालाला लावून ऊब बघायची, ट्यूबच्या तुकड्यांत धरून हलकेच पिळायचं. एकदा झालं, दोनदा झालं. गुंडी हलेना. पुंजारामच्या कपाळावर घाम आला.

"सोडा पप्पा. तुटेल. तशीच ठेवू पाटावर."

"नाही. आणखी एकदा."

तिसऱ्या वेळेला त्याच्या अंगठ्याला काहीतरी जाणवलं. केसाएवढं सरकलं. "आली!" तो म्हणाला आणि श्वास धरून पिळत राहिला. गुंडी फिरली, पुन्हा फिरली आणि बाहेर आली. क्लिप टॉवेलवर पडली. आणि गुंडीच्या मानेला गुंडाळलेली एक चंदेरी चकती दिसली.

"हे काय?"

पुंजारामने ती चिमट्याने उचलली. गोळ्यांच्या पाकिटाचा चंदेरी कागद. मध्ये भोक पाडून गोल कापलेला. त्यावर अर्धीमुर्धी निळी अक्षरं होती.

शुभांगी वाकली. "पप्पा, ही तुमच्या बीपीच्या गोळीची अक्षरं आहेत."

"शुभे!" पुंजाराम खुर्चीतून उठलाच. "तुझ्या आईने वॉशर मारलाय! अगं, तिने उघडलंय हे! एकटीने!"

शुभांगीला एकदम आठवलं. "गेल्या दिवाळीत मला विचारलं होतं तिने, की दोन वस्तूंमध्ये फट पडली तर काय घालतात. मी म्हटलं, पप्पांना विचार की. तर म्हणाली, ते परवा सांगतील."

पुंजाराम हसायला लागला. हसता हसता त्याचे डोळे भरले, तरी हसू थांबेना. त्याने चकती उजेडात धरून पुन्हा पुन्हा पाहिली. "कडा बघ किती गोल कापलीय. नखकात्रीने कापलीय. आणि टोपणाला पकडीचा एक ओरखडा नाही. कसं उघडलं असेल गं तिने? मला घाम फुटला."

"मग पुन्हा ढिली कशी झाली?"

"चकती वर घातलीय, कडीच्या वर. खाली हवी होती. आणि कागद मऊ, चार महिन्यांत झिजला. मला विचारलं असतं तर..." तो थांबला. विचारलं होतंच की. बारा वेळा.

मग तो कामाला लागला. पितळी पत्र्यावर गोल आखला, भोक पाडलं, कात्रीने कापला, कानस मारली. पहिला वॉशर मोठा झाला. दुसऱ्याचं भोक एका अंगाला गेलं. शुभांगी म्हणाली, "हात विसरला वाटतं," तर तो म्हणाला, "तू हवा घालायला आलीस, हवा घाल." तिसरा बसला. बोटाखाली कड लागेना.

चंदेरी चकती शुभांगीने हळूच बाजूला ठेवली होती. पुंजारामने ती परत मागितली. "ती लागेल."

"आठवण म्हणून?"

"नाही गं. पितळ थेट ह्या रबरावर घासलं तर खाईल त्याला. मध्ये मऊ काहीतरी हवंच. हिच्याहून बरं काय असणार?"

त्याने साधनाची चकती खाली घातली, तिच्यावर पितळी वॉशर, त्यावर क्लिपची कडी. मग गुंडी फिरवत आणली. ती टेकली. हाताला सवय होती ती आणखी पाव वळसा द्यायची. कारखान्यात टेकल्यावर पाव वळसा द्यायचाच असतो. बोटांनी जोर धरला.

"बस्स पप्पा!"

त्याने हात सोडला. क्लिप ढकलून पाहिली. हलली नाही. डावीकडे, उजवीकडे, नाही. क्लिपच्या टोकाची गोळी टोपणापासून जरा उचललेली होती, ती त्याने अंगठ्याने थोडी थोडी दाबत टेकवली. कागदाची पट्टी गोळीखाली सरकवून ओढली, तर पट्टी अडून अडून आली. हवी तशी.

"आता शेवटची परीक्षा. लाव खांद्याला."

शुभांगी साडीत नव्हती, पण ओढणी होती. तिने ओढणीची घडी करून खांद्यावर घेतली आणि पेन अडकवलं.

"मार उडी."

"पप्पा, छत्तीस वर्षांची आहे मी. खाली शेजारी राहतात."

"मार!"

तिने उडी मारली. टेबलावरच्या कानशी वाजल्या. पेन जागच्या जागी. आणखी एक मारली. मग वाकून पायाचे अंगठे धरले, तरी पेन तिथेच. खालून कुणीतरी छताला ठोकलं आणि दोघं तोंडावर हात ठेवून हसत बसली. घड्याळात पावणेसहा झाले होते. बाहेर अजून लख्ख उजेड होता.

नवमीच्या सकाळी पाट मांडला. कानशी, हातोडी, हॅकसॉ, मायक्रोमीटर ओळीने ठेवले. दाराला तोरण नव्हतं, गोड नव्हतं, पण पाटाभोवती सव्वा किलो झेंडू होता, त्यामुळे हत्यारं नीट दिसतही नव्हती. पेन शुभांगीने स्वतः ठेवलं, मायक्रोमीटरच्या चामडी पाकिटाला अडकवून. क्लिप फिरली नाही. पुंजारामने हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला आणि तो क्लिपकडेच बघत उभा राहिला.

"पप्पा," शुभांगी म्हणाली, "शाई भरू का त्यात? लिहून बघू."

"आज हत्याराला हात लावायचा नाही. पर..." तो बोलता बोलता थांबला.

शुभांगीने त्याच्याकडे पाहिलं.

क्लिप घट्ट झाली. निबेत साधनाची शेवटची शाई वाळून बसलेली आहे. ती धुऊन नवी शाई भरायची आहे. ते अजून राहिलं आहे.